ईडीएम (इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक) बनवायचंय? मग आधी काय घ्यायचं अन् काय नाही, लातूरच्या दहा बाय दहाच्या खोलीतून

मागच्या दिवाळीनंतर सोयाबीनची पट्टी आली आन् उदगीरहून भाच्याचा फोन. "मामा, बापूनं चाळीस हजार दिलेत, किट घ्यायचंय, फोटो टाकलाय बघ." फोटो उघडला तर दोन मोठाल्या चकत्यांचा डीजे कंट्रोलर आन् शेजारी बारा इंचाचे दोन पार्टी स्पीकर. मी म्हणलं, "तुला गाणी वाजवायचीत का बनवायचीत?" गडी गप्प. मग जरा वेळानं म्हणतो, "दोन्ही बी."

इथंच निम्म्या पोरांचे पैसे बुडतात. डीजे कंट्रोलर ही तयार गाणी एकातून दुसऱ्यात मिसळायची वस्तू आहे. गाणं मुळापासून बनवायचं, म्हणजे किक (ढोलासारखा खालचा ठोका), बेस, सिंथची (इलेक्ट्रॉनिक वाद्याची) धून, वर चढत जाणारा आवाज आन् मग ड्रॉप (जिथं सगळा ठेका एकदम सुटतो), त्यात त्या चकत्यांचा काडीचा उपयोग नाही. बनवायला लागतो कंप्युटर, त्यातलं सॉफ्टवेअर आन् खरं ऐकू देणारी एक वस्तू, झालं. बाकीचं सगळं सोय म्हणून येतंय, ते एकेक करून घ्यायचं, आन् कधी घ्यायचं तर ती वस्तू नाही म्हणून काम खरंच अडायला लागलं तेव्हा. मी हे उलट्या क्रमानं केलं आन् त्याची फी भरली, ती गोष्ट पुढं मॉनिटरच्या (म्हणजे स्टुडिओच्या स्पीकरच्या) जागी सांगतो.

लॅपटॉप : घरात आहे तोच आधी

कॉलेजसाठी घेतलेला लॅपटॉप असेल तर नवा घ्यायला पळू नका. सेटिंग उघडून बघा: प्रोसेसर गेल्या सहा-सात वर्षांतला आय-५ किंवा रायझन-५, एसएसडी, आन् रॅम ८ जीबी असली तर १६ करता येते का, एवढं बघा. ८ जीबीवर शिकणं होतंय, पण पाच-सहा सिंथ उघडले की मशीन धापा टाकतंय. रॅम वाढवणं हा सगळ्यात स्वस्तातला उपाय, फक्त घ्यायच्या आधी खात्री करा की तुमच्या मॉडेलला रिकामा स्लॉट आहे, बऱ्याच पातळ लॅपटॉपात रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते मग काही करता येत नाही.

नवाच घ्यायचा असला तर प्रोसेसरच्या नावाच्या शेवटचं अक्षर बघा. इंटेलमध्ये शेवटी एच असलं तर तो दमदार, यू असलं तर बॅटरी वाचवणारा. दुकानदार दोन्हीला "आय-५ आहे की दादा" एवढंच म्हणतो. गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड मात्र यात कामाचं नाही, त्याचे पैसे रॅमवर आन् एसएसडीवर टाका.

आता आपल्याकडची खास भानगड. मे महिना, बाहेर त्रेचाळीस डिग्री, वर पत्रे, आन् लॅपटॉप गादीवर. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला आपोआप हळू होतोय, आन् मग प्रोजेक्टमधून चर्रचर्र, फटफट आवाज यायला लागतात. पोरं समजतात साउंड कार्ड गेलं. अरे कुठलं जातंय, खालून हवा बंद आहे! लॅपटॉपच्या मागच्या दोन पायांखाली दोन वह्या ठेवा, कूलर समोर असला तर त्याची ओली हवा थेट मशीनवर घेऊ नका, आन् विंडोजमध्ये पॉवरचा मोड बेस्ट परफॉर्मन्सवर टाका. तरी बी आवाज तुटत असला तर लॅटन्सीमॉन नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, कोणता ड्रायव्हर मधी अडथळा आणतोय ते दाखवतंय, बऱ्याचदा वायफायच निघतो. काम करताना वायफाय बंद, लक्ष बी कमी उडतं. शेवटचा उपाय म्हणजे जड ट्रॅक फ्रीझ करणं, म्हणजे सिंथचा आवाज ऑडिओ फाइल करून ठेवायचा, प्रोसेसरवरचा भार उतरतो. मी मेमध्ये निम्मं गाणं फ्रीझ करूनच काम करतो.

सॉफ्टवेअर : एक धरा आन् सहा महिने सोडू नका

एफएल स्टुडिओ का एबलटन, हे भांडण चहाच्या टपरीवर चालू द्या. दोन्हीत बनलेली गाणी जगभर वाजतात. आपल्याकडं एफएल जास्त चालतो कामून, तर शेजारचा पोरगा तेच वापरतोय, आन् अडल्यावर त्याला विचारता येतं. हे कारण काही कमी नाही, उलट मी तर म्हणीन की सगळ्यात खरं कारण तेच आहे.

एफएल हे १९९७ पासूनचं, बेल्जियमच्या कंपनीचं. त्याची मोठी सोय म्हणजे एकदा विकत घेतलं की पुढची अपडेट आयुष्यभर फुकट. ट्रायलमध्ये जवळजवळ सगळं चालतं, गाणं एक्सपोर्ट बी होतं, पण सेव्ह केलेलं प्रोजेक्ट बंद करून परत उघडायला गेलं की लायसन्स मागतं. म्हणजे एका बैठकीत एक लूप (परत परत वाजणारा तुकडा) असं शिकता येतं, तेवढं पुरेसं आहे. घ्यायच्या वेळी एक ध्यानात ठेवा, सगळ्यात स्वस्त फ्रूटी एडिशनमध्ये ऑडिओ रेकॉर्डिंग नाही, हलगी किंवा आवाज रेकॉर्ड करून त्यात घालायचा तर प्रोड्यूसर एडिशन लागते.

एबलटन लाइव्ह बर्लिनचं, २००१ सालचं. त्याची लाइट आवृत्ती बऱ्याच मिडी कीबोर्डांबरोबर (पेटीसारख्या कळांचे, पुढं सांगतो) आन् साउंड कार्डांबरोबर फुकट मिळते, ट्रॅकची मर्यादा असते पण पहिली चार-पाच गाणी आरामात होतात. म्हणून सॉफ्टवेअर विकत घ्यायच्या आधी कीबोर्डच्या डब्यात काय येतंय ते वाचा. पैसाच नसला तर रीपर आहे, साठ दिवस ट्रायल आन् साध्या माणसासाठी लायसन्स ६० डॉलर, एलएमएमएस तर पूर्ण फुकट. मॅक असला तर गॅरेजबँड आधीच बसलेला असतो.

सिंथसाठी बी लगेच पैसे घालू नका. वायटल नावाच्या सिंथची फुकट आवृत्ती आहे, सर्ज एक्सटी तर ओपन सोर्स आहे, या दोघांवर फ्युचर बेसपासून सायट्रान्सपर्यंत ईडीएमच्या सगळ्या प्रकारांचे आवाज निघतात. क्रॅक, म्हणजे चोरीचं सॉफ्टवेअर, टाकू नका. नीतीचं प्रवचन द्यायचं नाही मला, पण एका मित्राच्या लॅपटॉपमध्ये क्रॅक प्लगइनबरोबर (मोठ्या सॉफ्टवेअरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) व्हायरस आला आन् तीन वर्षांची प्रोजेक्टं कुलूपबंद झाली, वर पैशाची मागणी. तेव्हापासून त्याला फुकटचा वायटल लई गोड लागायला लागलाय.

हेडफोन : पैसा इथं घाला

भाच्याला पहिली वस्तू मी हीच घ्यायला लावली. तर म्हणतो, "मामा, माझ्याकडं ब्लूटूथचे हायेत की, बेस लई भारी हाय त्याचा." बेस भारी आहे हाच त्याचा दोष आहे बाबा. साधे हेडफोन बेस फुगवून देतात म्हणजे ऐकणाऱ्याला मजा येते. तुम्ही त्यावर किक बसवली की ती तुम्हाला तगडी वाटते, तुम्ही आवाज कमी करता, आन् दुसरीकडं वाजवल्यावर किक पार फुसकी. ब्लूटूथचा दुसरा दोष म्हणजे उशीर. कीबोर्डची कळ दाबल्यावर आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंदांनी कानात येतो, ताल धरताच येत नाही. पिक्चर बघताना फोन तो उशीर सांभाळून घेतो, वाजवताना कोण सांभाळणार?

वायरवाले, कान पूर्ण झाकणारे, बंद पाठीचे स्टुडिओ हेडफोन घ्या. ऑडिओ टेक्निकाचे एम२०एक्स, एम४०एक्स, सोनीचा एमडीआर ७५०६ (हा १९९१ पासून जगभरच्या रेकॉर्डिंगवाल्यांच्या गळ्यात आहे), सेनहायझरचा एचडी २८० प्रो, यातला कोणताही चालतो. साधारण पाच ते दहा हजारांत काम होतं. उघड्या पाठीचे हेडफोन आवाजाला मोकळे असतात, पण बाहेर भोंगा चालू, गल्लीत भाजीवाला, घरात टीव्ही, आपल्याकडं ते जमत नाही. डब्यावर ओहम लिहिलेलं असतं ते बघा, ८० च्या आतलं घ्या, अडीचशे ओहमचा हेडफोन लॅपटॉपच्या भोकातून नीट वाजतच नाही, आवाज बारका येतो. आन् गाद्या बदलता येतात का विचारा, आपल्या घामानं दोन उन्हाळ्यांत त्या सोलतात, सुटी जोडी मिळत असली तर हेडफोन आठ-दहा वर्षं जातो.

घेतल्यावर पहिला आठवडा काहीच बनवू नका. तुम्हाला तोंडपाठ असलेली दहा गाणी त्यावर रोज ऐका. किक कुठं बसलीय, बेस किती खोल जातोय, गाणारीचा आवाज किती पुढं आहे, हे त्या हेडफोनवर कसं ऐकू येतं ते कानाला कळलं पाहिजे. वरच्या पट्टीचा हेडफोन नसला तरी ओळखीचा झालेला हेडफोन काम देतो.

आन् आवाजाचं बी सांगतो. ८५ डेसिबलला आठ तास कान सहन करतो, पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होत जातो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. मिरवणुकीत डीजेपुढं तीन तास नाचून आल्यावर कानात जी शिट्टी वाजते ना, त्या रात्री मिक्सिंगला बसू नका, काहीच खरं ऐकू येत नाही.

मिडी कीबोर्ड : छोटा चालतो, नसला तरी चालतं

मिडी कीबोर्डमधून आवाज येत नाही, हे पहिल्यांदा घेणाऱ्या निम्म्या लोकांना घरी आल्यावर कळतं. ते निस्तं कंप्युटरला सांगतं की अमकी कळ दाबली, इतक्या जोरात दाबली, सोडली. जोर १ ते १२७ मध्ये मोजतात. मिडी हे ठरलं १९८३ साली आन् अजून तसंच चालू आहे, त्यामुळं जुना कीबोर्ड मिळाला तरी बिनधास्त घ्या.

एफएलमध्ये आन् एबलटनमध्ये लॅपटॉपच्या साध्या कळांवर बी सूर वाजतात, आधी महिनाभर तेच करा. मग पंचवीस कळांचा अकाईचा एमपीके मिनी, आर्टुरियाचा मिनीलॅब किंवा नोव्हेशनचा लाँचकी मिनी घ्या, सोबत आठ-सोळा पॅड येतात त्यावर किक, क्लॅप बोटांनी वाजवता येते. हार्मोनियम येत असली, म्हणजे घरात भजनी मंडळ असलं की येतेच, तर बारक्या कळांवर बोटं अडतील, तुम्ही ४९ कळांचा घ्या. मला स्वतःला बारक्या कळांचा राग आहे पण टेबल अडीच फुटाचं आहे त्याला काय करता.

लोक म्हणतात खरं मशीन पाहिजे, खरा सिंथ पाहिजे. थोडा इतिहास ऐका मग ठरवा. रोलँड कंपनीनं १९८१ मध्ये टीबी-३०३ काढलं, एकट्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून. बाजारात ते पडलं. मग जुन्या बाजारात स्वस्तात मिळायला लागलं तशी शिकागोच्या पोरांनी ते उचललं, त्याची बटणं पिळून पिळून जो चिरका आवाज काढला त्याला आज ॲसिड हाउस म्हणतात. आन् त्याच्या बी आधी, १९८२ मध्ये, आपल्या मुंबईत सिनेमाच्या गाण्यांत साथ करणारे चरणजित सिंग यांनी हेच ३०३, रोलँडचंच ८०८ ड्रम मशीन आन् ज्युपिटर-८ सिंथ घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर राग वाजवले होते, जगाला ते कळायला वीस वर्षं गेली. तीन मशीनं होती, पण ती तिन्ही त्यांनी पार कोळून प्यायली होती. आज त्या ८०८ चे आन् रोलँडच्याच ९०९ ड्रम मशीनचे आवाज प्रत्येक सॉफ्टवेअरात फुकट पडलेत.

साउंड कार्ड : बाहेरचा आवाज आत घ्यायचा असला तरच

याला ऑडिओ इंटरफेस म्हणतात, आपल्याकडं सगळे साउंड कार्डच म्हणतात. माइक जोडायचा असला किंवा मॉनिटर जोडायचे असले तर हे लागतंच. निस्तं हेडफोन लावून कंप्युटरच्या आत गाणं बनवायचं तर सुरुवातीला नाही लागत. विंडोजवर एफएलचा स्वतःचा असिओ ड्रायव्हर येतो, तो निवडा, दुसऱ्या सॉफ्टवेअरला असिओ-फॉर-ऑल टाका, लॅग (कळ दाबल्यावर आवाज यायचा उशीर) बराच कमी होतो.

हा लॅग बफर नावाच्या आकड्यावर असतो. आवाजाचे ४४,१०० सॅम्पल (बारके तुकडे) सेकंदाला, म्हणजे बफर २५६ ठेवला तर साधारण ६ मिलिसेकंद, १०२४ ठेवला तर २३. वाजवताना २५६ किंवा १२८, मिक्स करताना १०२४, एवढं जमलं की "माझा कीबोर्ड उशिरा वाजतो" ही तक्रार संपली. (ड्रायव्हर थोडा वेळ आपला बी लावतो, पण मोठा हिस्सा हाच.)

घ्यायचंच ठरलं तर दोन इनपुटचं घ्या, फोकसराइटचं २आय२ किंवा त्याच तोलाचं दुसरं. त्यावर ४८ व्होल्टचं बटण असतं, कंडेन्सर माइकला ते चालू लागतं, साध्या डायनॅमिक माइकला नाही. रेकॉर्डिंग २४ बिटवर ठेवा आन् सगळ्यात जोराचा ठोका मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास येऊ द्या, लाल दिवा लागला की तो ठोका गेला, तो नंतर दुरुस्त होत नाही.

मॉनिटर : माझी फसगत

पहिला पगार आला तेव्हा मी काय घेतलं, तर पाच इंची मॉनिटरची जोडी. हेडफोन नाही, रॅम नाही, मॉनिटर! खोली औसा रोडला, बरोबर दहा बाय दहा, स्पीकर समोरच्या भिंतीच्या दोन कोपऱ्यांत कपाटावर, आन् मी पाठ मागच्या भिंतीला टेकवून पलंगावर, लॅपटॉप मांडीवर. काय किक वाजायची सांगू! छातीत बसायची. एवढी तगडी वाटायची की मीच ती कमी कमी करत गेलो, नाहीतर बाकी काही ऐकूच येईना.

ते रिमिक्स गणपतीत एका गाडीवर लावलं. समोर चाळीस-पन्नास पोरं, ड्रॉप आला, आन् काहीच झालं नाही. टिक टिक टिक, वरची हायहॅट (बारीक झांज) तेवढी वाजली. पोरं हात वर करून तशीच उभी. गाडीवाला अण्णा खाली वाकून माझ्या कानात म्हणला, "का रे, ढोल घरी ठेवून आलास का?" अन् पुढचं गाणं लावलं.

महिनाभर मी त्या सिस्टमला शिव्या घातल्या. मग हिशेब लावला तेव्हा कळलं. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये दहा फूट, म्हणजे साधारण तीन मीटर. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो. ज्या सुराची अर्धी लाट बरोबर तीन मीटरची असते तो सूर या दोन भिंतींमध्ये घुमत राहतो, आन् तो सूर निघतो ५६-५७ हर्ट्झ. किकचं पोट नेमकं तिथंच असतं, ए स्वराची किक ५५ हर्ट्झची. आन् घुमणारा सूर भिंतीजवळ सगळ्यात जोरात, खोलीच्या मधोमध सगळ्यात कमी. माझे स्पीकर भिंतीला, माझं डोकं भिंतीला. वर खोली चौरस, म्हणजे लांबीचा आन् रुंदीचा घुमारा एकाच सुरावर. उठून खोलीच्या मध्यात उभा राहिलो तर तीच किक निम्मी. भिंतीशी गेलो की परत डबल. पंधरा मिनिटं मी निस्ता पुढं-मागं चालत होतो, बायको दारातून बघून गेली, काही बोलली नाही.

हे तुम्ही तुमच्या खोलीत आजच करून बघा. सॉफ्टवेअरात साधा साइन सूर घ्या, ४० हर्ट्झपासून १०० पर्यंत हळूहळू चढवा आन् खोलीभर फिरा. काही सूर बोंबलतील, काही गायब होतील. तुमच्या खोलीची तीच खोड, ती कळल्याशिवाय मॉनिटरवर विश्वास ठेवू नका. (मे महिन्यात आवाज गरम हवेत जरा जास्त पळतो, तो घुमारा माझ्याकडं ५८ वर सरकतो, एवढं कोणाला कामाचं नाही पण मला मजा वाटली.)

म्हणून पहिल्या वर्षी मॉनिटर नकोच. घेतलेच तर चार किंवा पाच इंची, यामाहाचे एचएस५, जेबीएलचे ३०५, असे. कोपरा सोडून ठेवा, दोघांमधलं अंतर आन् त्यांचं तुमच्या डोक्यापासूनचं अंतर सारखं, बारका स्पीकर कानाच्या उंचीवर. बसायला समोरच्या भिंतीपासून खोलीच्या साधारण ३८ टक्क्यांवर, म्हणजे दहा फुटांत पावणेचार फूट. भिंतीला आजीची वाकळ टांगली तर टाळीचा खणखणाट कमी होतो, ते करा, पण वाकळ ५७ हर्ट्झला अडवत नाही, त्याला जाड गादी कोपऱ्यात उभी करावी लागते आन् तरी बी थोडाच फरक पडतो. एचएस५ सारखा पाच इंची स्पीकर खाली ५४ हर्ट्झपर्यंत जातो आन् तिथं बी बराच दमलेला असतो, तेव्हा सगळ्यात खालचा बेस हेडफोनवरच तपासा. स्पॅन नावाचा फुकट प्लगइन टाका, ओळखीचं गाणं त्यातून बघा, मग तुमचं बघा, खालचा डोंगर किती उंच आहे ते डोळ्यानं दिसतं.

लाइटीचं आन् वायरीचं

स्पीकरमधून हुंऽऽ असा आवाज येत असला तर पहिला संशय अर्थिंगवर घ्या. आपली लाइट ५० हर्ट्झची, हुंकार त्याच सुरात येतो. बऱ्याच घरांत तीन पिनचं बोर्ड असतंय पण तिसऱ्या भोकाला वायरच नसते. वायरमनला बोलवून अर्थिंग तपासा, आन् कोणी सांगितलं की अर्थची पिन तोडून टाक, हुंकार जातो, तर ऐकू नका, करंट बसेल. लॅपटॉप, साउंड कार्ड, मॉनिटर सगळं एकाच बोर्डावर लावा. मॉनिटरला बॅलन्स्ड वायर घ्या, आत तीन तारांची.

लाइट गेल्यावर लॅपटॉप चालतो, डेस्कटॉपला यूपीएस लागतोच. इन्व्हर्टर जुना स्क्वेअर वेव्हचा असला तर त्यावर मॉनिटर भणभण करतात, त्या वेळी हेडफोनवर या. आन् धूळ! काम झालं की कीबोर्डवर जुना सुती टॉवेल, साउंड कार्डवर बी. नॉबमध्ये धूळ गेली की फिरवताना खरखर सुरू होते.

हलगी, संबळ, दिमडी

ही आपली शिल्लक आहे, ती वापरा. हाउस या ईडीएमच्या प्रकाराचा ठेका १२० ते १२८ बीपीएम (मिनिटाला एवढे ठोके), त्यावर हलगीची कडकड बसवली की जे होतं ते तयार आवाजांच्या कुठल्या सॅम्पल पॅकमध्ये मिळत नाही. माळेगावच्या, तुळजापूरच्या वाटेवर हे वाजवणारे आहेत, त्यांना विचारा, मोबदला ठरवून द्या, आन् गाणं झालं की ऐकवा बी.

महागडा माइक नको. हलगी इतकी जोरात वाजते की कंडेन्सर माइक घाबरतो. एसएम५७ सारखा डायनॅमिक माइक तीन-चार फुटांवर, जरा तिरका. हलगीवाला आधी विस्तवावर शेकून चामडं ताणून घेतो, ते झाल्यावर लगेच रेकॉर्ड करा, वीस मिनिटांत सूर उतरायला लागतो. माइक नसला तर फोनवर वेव्ह फाइल रेकॉर्ड करणारं ॲप टाका, दहा फूट लांब धरा. एकेक ठोका सुटा सुटा घ्या, मग पाच मिनिटं सलग वाजवू द्या. खोलीत घेऊ नका, शेतात किंवा गच्चीवर घ्या, पहाटे, मोटारी चालू व्हायच्या आत. नंतर हलगीतून १५० हर्ट्झच्या खालचं कापून टाका, ती जागा किकची आहे.

जुनी वस्तू घेताना

हैदराबाद, पुणं, संभाजीनगर, जुनं सामान सगळीकडं मिळतं. मी एकदा जुनं साउंड कार्ड घेतलं, घरी आलो तर विंडोजच्या नव्या आवृत्तीला त्याचा ड्रायव्हरच निघत नाही. वस्तू चांगली, कामाची नाही. म्हणून पैसे द्यायच्या आधी कंपनीच्या साइटवर ड्रायव्हर बघा. लॅपटॉप सोबत न्या. दोन्ही इनपुट, ४८ व्होल्ट, हेडफोनचं भोक, प्रत्येक नॉब फिरवून खरखर. कीबोर्डची प्रत्येक कळ हळू आन् जोरात दाबून आकडा बदलतो का बघा. ऑनलाइन मागवलं तर डबा उघडताना व्हिडिओ करा. हेडफोन जुना घेऊ नका, दुसऱ्याच्या कानाचा घाम.

भाच्याचे चाळीस हजार

रॅम साडेचार, हेडफोन साडेसहा, कीबोर्ड साडेआठ. साडेएकोणीस झाले. कीबोर्डसोबत एबलटन लाइट आलं, सिंथ वायटल. उरलेले साडेवीस बँकेत, पुढं हलगी रेकॉर्ड करायची झाली तर साउंड कार्ड आन् माइक. भाव वरखाली होतात, तुमचा आकडा वेगळा येईल, क्रम तोच ठेवा. दाजींनी फोन करून विचारलं, "मामा, खरंच एवढ्यात झालं का, का पोरानं कमी सांगून ठेवले?"

तीन आठवड्यांनी त्यानं व्हॉट्सअपवर लूप टाकला. ऑडिओ म्हणून टाकला तर आवाज दाबला जाऊ शकतो, म्हणून म्हणलं वेव्ह फाइल डॉक्युमेंट म्हणून टाक. ऐकला, हेडफोनवर झकास. मग सांगितलं, "आता काकाच्या ट्रॅक्टरच्या टेपवर लावून बघ."

अर्ध्या तासानं फोन. "मामा, बेसच गायब झालाय, निस्ता क्लॅप ऐकू येऊलालाय."

बारक्या स्पीकरमधून शंभर हर्ट्झच्या खालचं जवळजवळ निघतच नाही, निस्ता ५० हर्ट्झचा गोल बेस असला की तो तिथं मेला. बेसवर थोडं सॅच्युरेशन टाक म्हणलं, त्यानं वरचे सूर तयार होतात, १०० चे, १५० चे, ते बारक्या स्पीकरला पेलतात आन् कान खालचा बेस आपोआप भरून घेतो. सॅच्युरेशनचा ड्राइव्ह (जोर) थोडा थोडा वाढव, ट्रॅक्टरवर ऐकू आला की थांब, मग परत हेडफोनवर बघ किरकिरा तर नाही ना झाला. त्या रात्री तो चार वेळा शेडमध्ये जाऊन आला. चौथ्यांदा काकानं चावीच काढून घेतली.